करवत धरणारी

आमच्या घरी अमावस्या कळायला कॅलेंडर लागत नसे. सकाळी अंथरुणातच कानसीचा आवाज आला की समजायचं, आज अमावस्या. त्या आवाजानं शेजारच्या काकूंचे दात शिवशिवायचे. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "झालं का सुरू तुमचं?" आणि आई इकडून म्हणायची, "तुमी कानात बोळे घाला."

आबा, म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. गाव नेवासा तालुक्यात, घोडेगावच्या बाजाराला पायी जाता येईल इतकं जवळ. अमावस्येला औत धरायचं नाही ही शेतकऱ्यांची रीत, तशी आमच्याकडं लाकडाला करवत लावायची नाही ही सुतारांची रीत. लाकडाला सुटी असायची, हत्यारांना मात्र नसायची. महिनाभर बाभळी आणि लिंबं कापून बोथट झालेल्या करवतींना त्या दिवशी धार लागायची. भुशाच्या शेगडीला त्या दिवशी नवा भुसा मिळायचा नाही, म्हणून आई आदल्या दिवशीच पाटीभर बाजूला काढून ठेवायची.

धार लावायला दोन माणसं लागत. करवत दोन फळ्यांच्या मधे, दात वर करून उभी. एका बाजूला आबा तिकोनी कानस घेऊन, समोर आई पदर खोचून, फळ्या दोन्ही हातांनी आणि तळपायांनी आवळून बसलेली. मला लहानपणी वाटायचं, कामं आबा करतात आणि आईला नुसतंच बसवून ठेवलंय. ती करवतीकडं बघायचीसुद्धा नाही. चुलीवरच्या कालवणाकडं, दारातल्या कोंबडीकडं, माझ्या शेंबडाकडं, सगळीकडं लक्ष. आणि मधेच म्हणायची, "थांबा. मागला दात राहिला."

आबा पुटपुटत मागं जायचे. बघायचे, तर खरंच तो दात राहिलेला असायचा. आईला ते हातात कळायचं. धार लागलेला दात कानसीखाली एका तऱ्हेनं थरथरतो, राहिलेला दुसऱ्या तऱ्हेनं. आबांना डोळ्यांनी शोधावं लागायचं ते आईच्या तळहाताला आधीच ठाऊक असायचं. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, मला ते फार पुढं कळलं. आम्हीही विचारलं नाही.

शेवटी सुई. करवतीचे दात एक उजवीकडं, एक डावीकडं असे आळीपाळीनं जरासे वाकवलेले असतात, त्यामुळं दातांच्या दोन रांगांमधून बारीकशी पन्हळ तयार होते. आईच्या पोलक्याला कायम एक सुई टोचलेली असे. ती काढून, दोरा ओढून घेऊन ती आबांच्या हातात द्यायची. आबा करवत तिरकी धरून मुठीकडच्या टोकाला सुई त्या पन्हळीत सोडायचे. दात नीट असतील तर सुई सरळ घसरत खालच्या टोकापर्यंत जाते. एखादा दात चुकला असेल तर मधेच पडते. ती पडली की आम्ही पोरं खिदळायचो आणि आबा आमच्यावर डाफरायचे, जणू आम्हीच फुंकर मारली होती.

आबांनी पंचक्रोशीत किती घरांच्या चौकटी बसवल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण चौकट बसवायचा दिवस म्हणजे आबांचा दिवस. मुख्य दाराची चौकट उभी राहिली, वर हळदीच्या कपड्यात धान्य बांधलं, आंब्याचा डहाळा लागला, की घरमालकानं सुताराला मान द्यायचा. टॉवेल, टोपी, नारळ, आणि सुताराच्या कारभारणीला खण. तो दिल्याशिवाय त्या चौकटीतून कुणी आत पाऊल टाकायचं नाही. आबा या बाबतीत फार कडक होते. एकदा एका ऊसवाल्या बागायतदाराच्या नव्या बंगल्यावर घरधनी मान आणायला विसरला. आबा विटांच्या ढिगावर बसून राहिले. पाहुणे उन्हात, गुरुजी उन्हात, मालकीणबाई रडवेल्या. शेवटी मोटारसायकल घोडेगावला पळाली तेव्हा कुठं त्या घरात माणसं शिरली.

टॉवेल-टोपी आबांची, खण मात्र आईचा. ती तो हक्कानं घ्यायची. "करवत कोन धरतं?" असं विचारायची आणि खण उघडून बघायची. बघून हमखास तोंड वाकडं करायची. "चौकट सागाची आन् खण मांजरपाटाचा." लोकांचा हात खणाच्या बाबतीत आखडायचाच. त्या खणांची पोलकी मी शिवायचे. शिवणाचा क्लास केल्यावर माझं पहिलं गिऱ्हाईक आईच. कोपरापर्यंत बाही, पाठ बंद, छातीला जरा सैल, कारण हातानं करवत आवळायची तर पोलकं काखेत तडकतं. ते माप मी कधी लिहून ठेवलं नाही. ते मला पाठच होतं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्यामागं आबांनी धार लावली ती करवत गुडघ्यात धरून, कशीबशी. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उपचार केले, पण गेलेली नजर परत येत नाही. समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, बाजूचं सगळं गेलं. माणूस दिसतो, दार दिसतं, करवतीचा दात दिसत नाही. गावातही तयार दारं टेम्पोतून यायला लागली होती. आबांकडं उरलं ते खाटेचा पाय नाहीतर कुऱ्हाडीचा दांडा. करवती खुंटीला टांगलेल्या, गंज चढलेल्या.

आणि त्यात आमचं घर निघालं.

नगरच्या बाहेर, आता अहिल्यानगर म्हणायचं, आम्ही प्लॉट घेऊन ठेवला होता. माझं शिवणाचं दुकान, नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी, असं करत करत भिंती जोत्याच्या वर आल्या. मिस्त्री म्हणाला, "ताई, चौकट तयार मिळते, सकाळी सांगा, संध्याकाळी बसवतो." मी गावी गेले तेव्हा हे सहज बोलले. आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"चौकट मी करनार."

नवरा बरोबर होता. तो अगदी गोडीनं म्हणाला, "आबा, कशाला त्रास? आता झेपायचं कसं?" आबा उठले. मला मागच्या पत्र्याखाली घेऊन गेले. तिथं कडुलिंबाचे वासे रचलेले होते. दारातलं लिंबाचं झाड वावटळीत पडलं तेव्हाचे. आबांनी ते मिलमधून चिरून आणले होते एवढं मला आठवत होतं. मला वाटलं होतं, कधीच सरपणात गेले असतील.

"तुझ्या आईनं ठेवाया लावले," आबा म्हणाले. "म्हनली, लेकीच्या दाराला व्हतील. साऱ्या गावाच्या चौकटी केल्या म्या. तेवढी एक ऱ्हाऊ नये."

मी मिस्त्रीला सांगितलं, थांब.

आठ दिवसांनी आबांचा फोन आला. "करवत चालत न्हाई." एवढंच म्हणाले. जन्मात त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. पोट दुखतं, बैल लंगडतो, पैसे नाहीत, हे सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

गावाहून करवत आणली आणि पिशवीत घालून मी नगरमधल्या धारवाल्यांकडं हिंडले. त्यांच्याकडं मशीनची गोल पाती. एकानं करवत हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ताई, हे आता कोण वापरतं? नवीन घ्या, बोथट झाली की फेका." दुसऱ्यानं तेच सांगितलं, फक्त जास्त प्रेमानं. तिसऱ्याकडं गेलेच नाही. तिकोनी कानस विकत घेतली आणि गावची एसटी पकडली.

"मी लावते धार," मी म्हटलं.

"तू?"

"मी कात्रीला लावतेच की."

"कात्री निराळी, बाई."

"आबा, शिकवायचं नसलं तर तसं सांगा."

आबा हसले. म्हणाले, "आवसेला ये."

मी वैतागले. मुहूर्त ठरलेला, मिस्त्री रोज फोन करतोय, आणि हे तिथी धरून बसलेत. पण आबांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अमावस्येला दुकान बंद ठेवून गेले.

अंगणात त्याच दोन फळ्या मांडलेल्या होत्या. मी कानस घेऊन बसले, आणि समोर, आईच्या जागी, आबा बसले. तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कानस चालवायला डोळे लागतात, ते माझे होते. धरायला हात पुरतात, ते त्यांचे होते. पण दुसऱ्याच्या कानसीपुढं आबांनी जन्मात कधी करवत धरली नव्हती. पहिल्याच घावाला ती अशी किंचाळली की भिंतीपलीकडच्या काकू, आता पार म्हाताऱ्या झालेल्या, ओरडल्या, "झालं का सुरू तुमचं?"

आबांनी पकड बदलली. पुन्हा किंचाळली. पाय पुढं घेतले, मागं घेतले. "तुझी आई कशी धरायची कोन जाने," ते म्हणाले. थोड्या वेळानं हात झटकले. "मुंग्या येत्यात गं. खांद्यापोतर. तिनं कंदी सांगितलं न्हाई."

आम्ही दोघंही शिकाऊ. गुरू वर जाऊन बसलेली.

सपाट कानस फिरवून सगळे दात एका उंचीला आणायचे, खाचेच्या पट्टीत धरून एकेक दात इकडं-तिकडं वाकवायचा, मग तिकोनी कानस दोन दातांच्या मधे घालून पुढं ढकलायची. मागं येताना उचलायची, घासत आणायची नाही. हे सगळं मी ऐकलं आणि मला जमलंही. दात कसे चमकायला लागले! मी एका बैठकीत पूर्ण करवत काढली आणि आबांच्या पुढं ठेवली. आबांनी अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, अमावस्या उलटल्यावर, बाभळीचा एक तुकडा पायाखाली धरून करवत चालवली. करवत सपासप आत गेली आणि डावीकडं वळली. पुन्हा चालवली. पुन्हा डावीकडं. काप बघाल तर नदीचं वळण.

"कानसच खराब आहे," मी म्हटलं.

"नाचता येईना..." आबा म्हणाले. त्यांनी दातांवरून नख फिरवलं, आधी एका अंगानं, मग दुसऱ्या. आणि पोट धरून हसायला लागले. "करवतीची कात्री केलीस व्हय गं!"

कात्रीच्या पात्याला धार एकाच बाजूनं लावतात, कारण समोर दुसरं पातं असतं. माझ्या हाताला वर्षानुवर्षांची तीच सवय. मी सगळ्या दातांना एकाच बाजूनं कानस मारली होती. करवतीत दुसरं पातं नसतं. एक दात उजवीकडं बघतो, शेजारचा डावीकडं बघतो, आणि दोघांनी मिळून सरळ जायचं असतं. म्हणून एक आड एक दात या बाजूनं घासायचा, मग करवत फिरवून उरलेले त्या बाजूनं. एकाच बाजूचं ऐकलं की ती त्या बाजूला जाणार. आबा म्हणाले, "संसाराचंबी तसंच," आणि मी म्हटलं, "आता कीर्तन नको."

मग मिस्त्रीच्या शिव्या खात, मुहूर्त पुढं ढकलून, पुढच्या अमावस्येची वाट बघितली. मधल्या दिवसांत मी भंगारातून एक मोडकी करवत आणली आणि दुकानात शिवणयंत्राशेजारी पातं आवळायचा शिकंजा बसवून तिच्यावर हात बसवला. गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवून ब्लाउजची मापं द्यायची. तिथी-वार काही पाळला नाही. आबांना हे मी आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि ते हे वाचणार नाहीत, त्यामुळं चालतं.

पुढच्या अमावस्येला पुन्हा अंगण, पुन्हा फळ्या. आबांची पकड आता घट्ट होती. त्यांनीही मधल्या दिवसांत सराव केला असावा, मी विचारलं नाही. ते करवतीकडं बघत नव्हते, बघून उपयोगही नव्हता. तोंड दाराकडं, लिंबाचं झाड होतं त्या मोकळ्या जागेकडं. मी एक आड एक दात घेत निघाले. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. कानसीचा आवाज एका सुरात लागला होता आणि मला आपण फार छान काम करतोय असं वाटायला लागलं होतं.

"थांब," आबा म्हणाले. "मागला दात राहिला."

माझा हात तसाच राहिला. शब्द तेच होते, सूरसुद्धा तोच. मी मागं जाऊन बघितलं, खरंच राहिला होता. तो घासताना मला नीट दिसेना, डोळे पुसून घ्यावे लागले. आबा आपल्या तळहातांकडं बघत होते. दिसत काय असेल कोण जाणे. म्हणाले, "असं हुतं व्हय तिचं." मग फळ्या पुन्हा आवळत, "उगाच करवादायचो मी तिच्यावर."

शेवटी सुई. मी माझ्या ब्लाउजला टोचलेली काढली. ही खोड कुठून आली ते त्या दिवशी कळलं. आबांना सुई दिसणार नव्हती, म्हणून त्यांनी करवत तिरकी धरून खालच्या टोकाशी बोट लावलं. मी वरून सुई सोडली. ती निघाली, मधे एका ठिकाणी जराशी अडखळली, आणि पुढं घसरली.

"आली," आबा म्हणाले. बोटाला टोचली होती, तरी ते हसत होते.

चौकट त्यांनीच केली. मी फक्त चाकूनं रेघा खोल ओढून द्यायचे, म्हणजे त्यांना नखानं सापडायच्या. एका लाकडाचं टोक कापून दुसऱ्याच्या भोकात बसवायचं, ते काप सरळच लागतात. तिथं करवत वळली की चौकट जन्माची वाकडी. ती वळली नाही. लिंबाचा कडवट वास अंगणभर पसरला. शेवटचा एक सांधा बसेना तेव्हा आबा म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट ऱ्हायलं," आणि पटाशीनं दोन ढलप्या काढल्यावर तोही बसला. टेम्पोत चौकट चढली तेव्हा आबा ड्रायव्हरशेजारी न बसता मागं चौकटीजवळ बसले. कुणाचं ऐकलं नाही.

मुहूर्ताला चौकट उभी राहिली. मिस्त्रीनं ओळंबा लावून बघितला आणि मान डोलावून गुंडाळून ठेवला. हळदीची पुरचुंडी बांधली, डहाळा लावला. नवऱ्यानं ताट पुढं केलं, टॉवेल, टोपी, नारळ. आबा दोन पावलं मागं सरले.

"मला न्हाई. लेकीच्या दारी मान घ्यायचा न्हाई."

हे मला आधी सुचायला हवं होतं. आबा माझ्याकडं येताना शेंगा, ज्वारी, काहीतरी घेऊनच यायचे आणि जाताना रिकाम्या हातानं जायचे. लेकीला द्यायचं, लेकीकडून घ्यायचं नाही. आता झालं काय, सुतारानं मान घेतल्याशिवाय चौकटीतून कुणी आत जायचं नाही हा कायदाही त्यांचाच, आणि घ्यायचा नाही हाही त्यांचाच. "तुमी जावा की आत," ते म्हणाले, पण स्वतः बाजूला होऊन उभे राहिले, चौकटीकडं पाठ करून. सगळी माणसं बाहेर उन्हात. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, रीतच ती." नवरा माझ्याकडं बघायला लागला. त्यांच्या जन्माची शेवटची चौकट, लिंबाची, आईनं राखलेली, आणि तीच तेवढी बिनमानाची राहणार. मला ते सहन होईना.

मी ताटाखाली ठेवलेला खण उचलला. तो मी आणला होता खरा. आईच्या फोटोपुढं ठेवायचा म्हणून.

"आबा, टॉवेल-टोपी नका घेऊ. पण खण सुताराचा नसतोच. आपल्या घरात खण कोणाचा?"

आबा माझ्याकडं वळले.

"करवत धरणाऱ्याचा. यंदा करवत कोणी धरली?"

मिस्त्रीची माणसं हसायला लागली. सुताराच्या हातात खण! आबासुद्धा हसले. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी त्या तळहातांवर खण ठेवला. त्यांनी तो उलगडला नाही, बोटांनी चाचपला, काठापर्यंत.

"मांजरपाट न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई. चांगला हाय, काठाचा."

"रंग?"

"हिरवा."

त्यांनी तो क्षणभर छातीशी धरला. मग माझ्याकडं परत केला. मला वाटलं, नाकारलाच. पण ते म्हणाले, "म्या घेतला, मान झाला. आता शिवाया देतोय. तिच्याच मापाचं शिव. ठाव हाय ना माप?"

"हाय."

"मग चला आत," आबा म्हणाले, आणि उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

मी त्या खणाचं पोलकं शिवलं. कोपरापर्यंत बाही, पाठ बंद, छातीला जरा सैल. वास्तुशांतीच्या सकाळी मीच ते घालून बघितलं. मला वाटलं होतं, कुठंतरी उसवावं लागेल, कुठंतरी टीप मारावी लागेल. काहीच करावं लागलं नाही. दारात आबा आले, तेव्हा त्यांनी माझ्या बाहीचा काठ बोटांनी चाचपला.

"बसलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं," मी म्हटलं.